माळ्यावरचा घनसाळ

आमच्या कॉलनीची जमीन मी स्वतः मोजली आहे. मोजणी खात्यात लागून मला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कोल्हापुरातून कागलकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला तीन भावांचा सलग ऊस होता. साखळी धरणारा पुढं आणि मी मागं, असे आम्ही त्या उसात शिरलो की बाहेर पडेपर्यंत पानांनी हात-तोंड ओरबाडून निघायचं. एकदा साखळीच्या आवाजानं सरीतून एक कोल्हं उठलं, आमच्याकडं बघितलं आणि जरा बाजूला सरकून पुन्हा बसलं. साखळी धरणारा म्हणाला, "सायेब, ह्येची पण हद्द घाला की कागदावर." मी हसलो आणि अर्थातच घातली नाही. पुढं त्या उसाचे प्लॉट पडले, त्यातला एक मीच घेतला, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं त्या कोल्ह्याच्या जागेवर मी राहतो.

माणसं राहायला आली की जनावरं निघून जातात, अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. ती दोन पावलं मागं सरतात, वर्षभर आपल्याला न्याहाळतात आणि मग आपल्यापेक्षा शहाणी होऊन परत येतात. आमच्या गल्लीतलं मुंगसाचं कुटुंब गटाराच्या सिमेंट पाइपात राहतं. सकाळी शाळेच्या रिक्षा गेल्याशिवाय ती मुंगसं रस्ता ओलांडत नाहीत. रविवारी रिक्षा नसतात, तरी बिचारी तेवढ्या वेळेपर्यंत थांबतात. वानरांना गच्चीवरच्या टाकीचं आट्याचं झाकण फिरवता येतं, जे आमच्या प्लंबरला दोनदा जमलं नाही. ऊसतोड सुरू झाली की आसपासच्या फडातली सगळी बेघर मंडळी आमच्याकडं वळतात. कुणाच्या बागेत ससा निघतो, कुणाच्या पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात घूस. एका सकाळी मोकळ्या मैदानात एक गवा येऊन उभा राहिला होता. निम्मी कॉलनी मोबाइल घेऊन धावली आणि गवा कंटाळून निघून गेला. कोल्हंही येतं अजून. चिकनच्या दुकानामागं, दुकान उघडायच्या आत.

माझ्या बायकोला या सगळ्यांचं भारी कौतुक होतं. तिचं माहेर चंदगड तालुक्यातलं, आजऱ्याच्या हद्दीला लागून, डोंगरात. तिकडं जनावर अंगणात येणं ही बातमी नसते. वानरांनी पेरू नेले की मी काठी घेऊन धावायचो आणि ती खिडकीतून मलाच ओरडायची, "पडाल की! खाऊ दे त्यास्नी, तुमास्नी साखर हाय." घर बांधताना पुढं सगळीकडं स्लॅब टाकला, पण स्वयंपाकघर तिनं कौलारूच ठेवायला लावलं, वर लाकडी माळ्यासकट. स्लॅबखाली जेवण शिजवलं की वास कोंडतो, त्याला वाट पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यावरून आमचं आठ दिवस वाजलं. शेवटी तिचंच खरं झालं, कारण शिजवणार ती होती.

आणि शिजवायची काय, तर घनसाळ. आजरा-चंदगडाकडचा हा वासाचा भात. दरसाल सुगी आटोपली की तिचा भाऊ एक पोतं एसटीच्या टपावर टाकून घेऊन यायचा. कुकर तिनं डाळीसाठी ठेवला होता, भाताला कधी लावू दिला नाही. पितळी टोपात पाणी उकळायचं, धुतलेले तांदूळ सोडायचे, पेज काढायची आणि मग झाकण ठेवून आच अगदी बारीक करायची. त्या झाकणाखालून दहा मिनिटांनी जो वास यायचा तो घरभर फिरून अंगणात जायचा. मी ऑफिसातून यायचो ती हीच वेळ. फाटकाची कडी काढतानाच आज काय आहे ते कळायचं. तीस वर्षं रोज मिळत होतं, म्हणून त्याचं कधी विशेष वाटलं नाही, हे आज लिहिताना माझं मलाच खटकतं.

ती गेली. दोन महिन्यांचं आजारपण आणि गेली. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणाला, चला माझ्याकडं. मी नाही म्हणालो. जेवणासाठी खानावळीचा डबा लावला आणि घरात एकटा राहायला लागलो. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, मधल्या खोलीत पेपर वाचत बसलो असताना मला भाताचा वास आला.

कुठल्याही भाताचा नाही. घनसाळाचा, झाकण ठेवून आच बारीक केल्यानंतरचा. माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. मी उठून उभा राहिलो आणि परत बसलो. पाच-सात मिनिटं वास होता, मग विरला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ समोर घेऊन बसलो, तर तेव्हाही आला. मोजणीवाल्याचं डोकं, पहिला विचार शेजारी गेला. पलीकडच्या बंगल्यातली बाई माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण, तिला दादा म्हणायला मी आणि वैनी म्हणायला माझी बायको. तिनं हिच्याकडून घनसाळ करायला शिकून घेतला असणार, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला रागही आला. निदान वाटीभर तरी आणून द्यायचा होता.

मी फाटकाशी जाऊन विचारलं, "रोज घनसाळ करताय म्हणायचं. तांदूळ कुठनं आणला?"

"आमच्यात भात?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन वर्सं झाली, बंद हाय दादा. ह्यांची साखर वाढलीया न्हवं. डाक्टरनं भाताकडं बघू पण नगा म्हणून सांगितलंय. सांजसकाळ भाकरी चाललीया."

"मग वास?"

"कसला वास?" तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा, जेवताय न्हवं येळच्या येळेला?"

मी घरी आलो. डोक्यावर परिणाम झाला असेल तर तो असा रोज ठरलेल्या वेळी होतो का, याचा विचार करत बसलो. मुलाला फोनवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. आणि आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करतो. परिणाम झाला असेल तर होऊ दे, पण वास बंद होऊ नये, असं मला वाटायला लागलं होतं. दुपारी चारपासून मी संध्याकाळची वाट बघायचो. दाढी करायचो.

महिनाभरानं मेहुणा आला. बहीण गेली तरी त्यानं पोतं आणायचं थांबवलं नव्हतं. मी एकटा एवढा तांदूळ काय करू, असं म्हटलं तर म्हणाला, "घरात असावा, दाजी." हातपाय धुऊन चहा घेतला, आणि तेवढ्यात वास आला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"दाजी," तो म्हणाला, "भात कोण शिजवतंय?"

म्हणजे मला एकट्यालाच येत नव्हता! मी काही बोलायच्या आत तो उठला, नाक वर करून स्वयंपाकघरात गेला, मोबाइलची बॅटरी माळ्यावर मारली आणि मोठ्यानं हसला. "कांडेचोर हाय की ह्यो! तुमच्या माळ्यावर बसलाय!"

कांडेचोर म्हणजे उदमांजर. लांबट, काळपट, झुपकेदार शेपटीचं, दिवसभर झोपतं आणि अंधार पडताना फळं खायला बाहेर पडतं. बाहेर पडताना आणि परत येताना वाटेवर आपला वास ठेवून जातं, आणि तो वास हुबेहूब वासाच्या भातासारखा असतो. मेहुण्याच्या गावी काजूच्या खोपटात, पडवीच्या माळ्यावर ते सर्रास असतं. हे सगळं सांगताना तो मधेच थांबला. "आक्काला लई ठाऊक होतं ह्येचं," तो म्हणाला. "ल्हानपणी वास आला की आक्का म्हणायची, कांडेचोराच्यात आज पावणं आल्यात, भात टाकलाय."

दोन दिवस मला त्या जनावराचा विलक्षण राग होता. महिनाभर माझी फसवणूक केली असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वास आला आणि राग कुठं गेला कळलं नाही. कुणाचा आहे ते ठाऊक असूनही त्याचं काम तो करतच होता. आत कुठंतरी फाटकाची कडी निघायची आणि मी चाळिशीचा व्हायचो.

मग मी त्याच्याकडं बघायला शिकलो. मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो की वळचणीच्या एका सरकलेल्या कौलातून आधी टोकदार तोंड बाहेर यायचं. कोपऱ्यावरचं कुत्रं या वेळी पुढच्या गल्लीत भाकरी खायला जातं, हे त्याला माहीत होतं. मग वळचणीवरून केबलच्या वायरवर. दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखं, शेपटीनं तोल सांभाळत, कुंपण खाली ठेवून ते पलीकडं शेजारणीच्या चिकूवर उतरायचं. पिकलेला चिकू हुंगून निवडायचं, कच्च्याला तोंड लावायचं नाही. जंगलात त्याला उंबर, करवंद लागत असतील. इथं त्यानं पपई, चिकू आणि देवळाबाहेरची केळी शोधून ठेवली होती. मीही कुंपणावर एक पिकलं केळं ठेवायला लागलो. चार दिवस त्यानं ते ओलांडून जाणं पसंत केलं, पाचव्या दिवशी खाल्लं. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

शेजारणीला मात्र झोप येईनाशी झाली. चिकू संपत आले होते, आणि खाल्लेल्या फळांच्या बिया कांडेचोर तिच्या स्कूटरच्या सीटवर ठेवून जात होता. रोज, एकाच जागी. "माझ्या गाडीवर परसाद ठेवून जातंय मुडदा," ती माझ्या फाटकात येऊन ओरडली. "तुमच्या माळ्यावरनं येतंय, मी डोळ्यांनी बघितलंय. भोक बुजवून टाका."

मी कायद्याचा आधार घेतला. वन्यप्राणी आहे, म्हटलं, हात लावता येत नाही.

"हात कोण लावतंय? भाईर गेलं की भोक बुजवायचं. आनि कायदा काय माझ्या सीटवर बसतोय व्हय?"

आठवडाभरात प्रकरण गणपतीच्या देवळातल्या मीटिंगपर्यंत गेलं. कुणी म्हणालं रोग पसरतो, कुणी म्हणालं लहान पोरांना चावेल. शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "बरं, का बुजवत न्हाय ते तरी सांगा की दादा. कारण सांगा, मी गप बसते."

कारण माझ्या जिभेवर होतं. पण पासष्टी उलटलेल्या माणसानं भर देवळात उभं राहून, या जनावराच्या अंगाला माझ्या बायकोच्या भाताचा वास येतो, असं कसं म्हणायचं? लोक हसले नसते. त्यांनी कीव केली असती, आणि ती मला नको होती. मी म्हणालो, "ठीक आहे. बुजवतो."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. दिवेलागणीला कांडेचोर वायरीवरून पलीकडं गेला, आणि आम्ही शिडी लावली. गवंड्यानं भोकावर जाळी ठोकली, कौल सरळ केलं, वरून सिमेंट लिंपलं. "आत काय न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय आयुष्यात कुठल्या नकाशावर सही न केलेला माणूस मी. माळ्यावर डोकावूनही बघितलं नाही. लवकर उरकावं आणि आपण घरात जाऊन बसावं, एवढंच मनात होतं.

तांबडं फुटायच्या सुमाराला आवाजानं जाग आली. कौलावर बाहेरून नखं ओढल्याचा आवाज. आणि आतून, माळ्यावरून, बारीक चिरका आवाज. एकाचा नव्हे. मी ज्याला इतके दिवस तो म्हणत होतो ती आई होती, आणि तिची पिल्लं मी आत कोंडली होती.

शिडी मी एकट्यानं लावली. गुडघे, चक्कर, मुलानं घालून दिलेले नियम, काहीही आठवलं नाही. ती मला बघून चिकूवर गेली आणि तिथून गुरगुरत राहिली. सिमेंट अजून कोवळं होतं. हातोडीनं फोडलं, जाळी ओढून काढली, दोन बोटं फाटली, कौल खाली पडून फुटलं. मी शिडीवरून उतरून दारामागं जाऊन उभा राहिलो. बराच वेळ ती आली नाही. मग आली, आणि आतला चिरका आवाज थांबला. मी तिथंच पायरीवर बसलो. मनात तिची माफी मागत होतो, आणि ती नेमकी कुणाची मागतोय ते मला सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी तिनं बिऱ्हाड हलवलं. एकेक पिल्लू मानेला धरून, वायरीवरून न जाता खालून, कुंपणाच्या कडेनं. तीन होती. तिसरं नेताना ती कुंपणावर जरा थांबली. तिनं मागं वळून बघितलं असं मी म्हणणार नाही. तिला पिल्लू नीट धरायचं होतं, तिनं ते धरलं आणि गेली.

माळ्यावरचा वास चार दिवस टिकला, रोज थोडा कमी. पाचव्या दिवशी नुसतीच धूळ आणि जुन्या लाकडाचा वास. भोक मी उघडंच ठेवलं होतं. केळंही ठेवत होतो, ते खारींनी खाल्लं. बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. माणसं होती, कामं होती, मुलाला धीर द्यायचा होता. आता काहीच करायचं नव्हतं. मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, पोतं हाय न्हवं घरात? शिजवा की." दोनदा दुपारचा शिजवला. एकदा गोळा झाला, एकदा खाली लागला. वास आला, नाही असं नाही. पण टोपापाशी मी उभा होतो, आणि मी तिथं असताना ती कशी असणार? उरलेलं पोतं मी शिवून ठेवून दिलं. शेजारणीशी बोलणं टाकलं. ती फाटकापाशी दिसली की मी पेपर वर धरायचो.

पंधरा-वीस दिवसांनी ती आली. संध्याकाळची, घाईनं, पदराला हात पुसत. पेपर खाली घे म्हणायची तिला गरज पडली नाही, तिनंच तो ओढून बाजूला ठेवला.

"दादा, चला माझ्यासंगं."

"कशाला?"

"चला म्हणते न्हवं."

तिनं मला तिच्या घरात नेलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. तिच्या गच्चीवर पत्र्याची अडगळीची खोली आहे. नवरा बाहेर फिरायला गेला होता. ती माझ्या शेजारी, पण एक पायरी सोडून बसली. आणि मग वरून, जिन्यावरून उतरत, वास आला.

तिनंच सुरुवात केली.

"आठ दिस झालं. पिल्लं घिऊन वरच्या खोलीत हाय. पयल्या दिशी मी बुजवायला गवंडी बोलावणार हुते. खरं तेवढ्यात ह्यो वास आला." तिनं नाक ओढलं. "वैनी घनसाळ केला की वाटीभर मला द्यायच्याच की, कुंपणावरनं. ह्यास्नी भात बंद झाल्यावर पण माझ्यापुरता द्यायच्या, चोरून. तुमास्नी ठाऊक न्हाय त्ये." 

मला खरंच ठाऊक नव्हतं.

"आठ दिस झालं, ह्यो वास आला की मी मागचं दार उघडून कुंपणाकडं बघते. येड्यागत. ठाऊक हाय कोन न्हाय, तरी उघडते." ती थांबली. "देवळात मी कारण इचारलं तवा तुमी बोलला न्हाईसा. तवाच सांगायचं हुतं, दादा."

तेव्हा मी तिला सांगितलं. त्या जिन्यात, डोळे पुसायचंही भान न ठेवता. वास येत होता त्या सगळ्या दिवसांत संध्याकाळी मी स्वयंपाकघराचा दिवा लावला नाही. दिवा लावला असता तर आत कुणी नाही हे दिसलं असतं. अंधार होता तोवर ती आत उभी होती, आच बारीक करत होती, आणि मी फक्त हाक यायची वाट बघत बाहेर बसलो होतो.

तिनं मान हलवली. वर पत्र्याच्या खोलीत काहीतरी खुडबुडलं. तिनं उठून जिन्यातला दिवा मालवला, आणि परत येऊन तिथंच बसली.